खोडलेल्या आकड्याचं वजन

दिवाळीच्या आधी मावशीबरोबर बडोद्याच्या रावपुऱ्यात टीव्ही बघायला गेलो होतो. 43 इंची टीव्हीखाली पिवळा कागद चिकटवलेला होता. वर 64,990 आणि त्यावर लाल रेघ, खाली ठळक 42,990. "मासी, बावीस हजारनो फायदो छे," दुकानातला मुलगा म्हणाला आणि मावशीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी समजलो, टीव्ही घरी आलाच. दांडिया बाजारातल्या घरासमोर भाजीची गाडी थांबली की 'छेल्लो भाव', म्हणजे शेवटचा भाव, विचारल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा न उचलणारी ही बाई. मी तिला हळूच विचारलं, "वरचा आकडा लिहिलेलाच नसता, तर तू या टीव्हीचे किती दिले असतेस?" ती थांबली. तिला सांगता येईना. खरं तर मलाही सांगता आलं नसतं.

इथेच सगळी गोम आहे. कोथिंबीर ती रोज घेते, त्यामुळे तिच्या डोक्यात कोथिंबिरीची मोजपट्टी पक्की आहे. टीव्ही, फ्रिज, एसी आपण आठ-दहा वर्षांतून एकदा घेतो. त्यांची पट्टी डोक्यात नसतेच. मग मन समोर जे मिळेल त्याचीच पट्टी करतं, आणि दुकानात ती पट्टी आयती लावून ठेवलेली असते.

तो खोडलेला आकडा बहुतेक वेळा एमआरपी असतो. पॅकबंद वस्तूवर तो छापणं 2011 च्या नियमांनुसार सक्तीचं आहे. सगळे कर त्यात धरलेले असतात, त्याहून जास्त घेणं गुन्हा आहे आणि कमी घ्यायला कुणाचीच हरकत नाही. पण तो किती असावा, हे कायदा ठरवत नाही, कंपनी ठरवते. ग्राहकाचं संरक्षण म्हणून बांधलेलं हे छत इतकं उंचावर नेता येतं की तिथे कुणाचा हातच पोचत नाही, आणि मग त्याचा उपयोग फक्त खोडण्यासाठी उरतो. दुकानदार आपसात बोलतात तेव्हा एमआरपीचं नावही निघत नाही. ते बोलतात डीपीबद्दल, म्हणजे डीलरला पडणाऱ्या भावाबद्दल, आणि एमओपीबद्दल, म्हणजे बाजारात प्रत्यक्ष चालणाऱ्या भावाबद्दल. त्यात पुन्हा कंपनीच्या स्कीम आणि टार्गेट. त्या सगळ्या वजा जाऊन 'लँडिंग' किती पडलं, म्हणजे वस्तू त्यांना शेवटी केवढ्याला पडली, यावर त्यांचा खरा नफा ठरतो. मावशीने दिलेल्या 42,990 मध्ये 18 टक्के जीएसटीचे साधारण 6,560 रुपये होते. 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा हा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला.

खोडलेला आकडा कुणीच देत नाही, तरी तो मनावर काम करतोच. 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ आमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं, ते 10 वर किंवा 65 वरच थांबेल अशी सोय आधीच केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? ज्यांनी 10 पाहिला त्यांचं मधलं उत्तर 25 होतं, ज्यांनी 65 पाहिला त्यांचं 45. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता. मानसशास्त्रात याला अँकरिंग म्हणतात. जहाजाने नांगर टाकला की ते त्याच्या आसपासच हलतं, तसंच मनाचं होतं.

जाणकारही यातून सुटत नाहीत. 1987 मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात घरांची दलाली करणाऱ्यांना एक घर आतून-बाहेरून दाखवलं आणि त्याची किंमत लावायला सांगितलं. सोबतच्या कागदावर मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटासाठी वेगळी छापली होती. ज्यांच्या कागदावर मोठा आकडा होता, त्यांचा अंदाज वर सरकला. विचारल्यावर मात्र बहुतेकांनी सांगितलं की, मागितलेल्या किमतीचा आम्ही विचारच केला नाही. ते खोटं बोलत नव्हते. नांगर पाण्याखाली असतो.

टीव्ही ठरला तेव्हा दुकानदाराने काउंटरवर आणखी चार वस्तू मांडल्या. टीव्हीत चित्र-आवाज नेणारी एचडीएमआय केबल, भिंतीवरचा ब्रॅकेट, स्टॅबिलायझर, दोन वर्षांची जादा वॉरंटी. दुकानाचं पोट पुष्कळदा इथे भरतं. टीव्हीच्या भावात स्पर्धा इतकी असते की शेकड्यामागे फार थोडं सुटतं. केबलचं तसं नाही. समजा 300 ला पडलेली केबल 1,200 ला विकली, तर खरेदीवर 300 टक्के चढवले आणि विक्रीच्या किमतीतला 75 टक्के भाग नफ्याचा झाला. नफा तोच 900 रुपये, फक्त शेकडा कशावर काढला ते वेगळं. या दोन टक्क्यांची गल्लत भल्याभल्यांची होते.

पण कोथिंबिरीला घासाघीस करणारी मावशी 1,200 च्या केबलला 'चालेल' का म्हणाली? याचं उत्तर जवळजवळ दोनशे वर्षं जुनं आहे. लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी 1834 मध्ये माणसांच्या हातात वजनं देऊन पाहिलं की फरक कधी कळतो. हातातलं वजन हलकं असेल तर थोडीशी भरही जाणवते, जड असेल तर तीच भर कळतही नाही. आपल्याला फरक नाही, प्रमाण कळतं. पैशांचंही तसंच आहे. 1981 मध्ये ट्व्हर्स्की आणि कानेमन यांनी लोकांना विचारलं की, पाच डॉलर वाचवायला वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या दुकानात जाल का? वस्तू 15 डॉलरची होती तेव्हा 68 टक्के लोक जायला तयार झाले, 125 डॉलरची होती तेव्हा फक्त 29 टक्के. डॉलर तेच पाच, रस्ता तोच वीस मिनिटांचा. मावशीच्या मनाच्या हातात त्या वेळी त्रेचाळीस हजारांचं ओझं होतं. त्यावर केबलचं वजन कळणार कसं?

केबलबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तिथे महाग म्हणजे चांगलं हा हिशेब विज्ञानाने सपशेल चुकतो. एचडीएमआयमधून चित्र जातं ते शून्य आणि एकच्या रांगेच्या रूपात. टीव्हीला एवढंच ओळखायचं असतं की आलेला ठोका शून्य होता की एक. ओळखता आला, तर चित्र शंभर टक्के तेच. नाही आला, तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र तुटतं किंवा पडदा काळा होतो. रंग जरा जास्त खुलला, काळा जरा गडद झाला, अशी मधली पायरीच नाही. लांब केबलला आणि जास्त डेटा नेणाऱ्या केबलला चांगली बांधणी लागते, हे मान्य. पण सेटटॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंतच्या दीड मीटरला सोन्याचा मुलामा चित्रात काहीही भर घालत नाही.

आता 49,990 सारख्या आकड्यांविषयी. शेवटचे 990 कशासाठी असतात, हे आपण सगळे जाणतो आणि तरी फसतो. 2005 मध्ये थॉमस आणि मॉरविट्झ या संशोधकांनी दाखवलं की डावीकडचा पहिला अंक बदलला तरच ही युक्ती चालते. 3.00 चे 2.99 झाले की वस्तू स्वस्त वाटते, 3.60 चे 3.59 झाले तर काही वाटत नाही. डोळा डावीकडून वाचतो आणि पहिल्या अंकाशीच मत बनवून मोकळा होतो. मला इथे आपल्या भाषेचं कौतुक वाटतं. 19 ला आपण 'एकोणीस' म्हणतो, म्हणजे विसाला एक उणा. 49 ला 'एकोणपन्नास', म्हणजे पन्नासाला एक उणा. आकडा वाचणाऱ्या डोळ्याला 49 मध्ये चार दिसतो, पण मराठी तोंडात मात्र पन्नास आधीच येऊन बसलेला असतो. म्हणून मी दुकानातली पाटी मोठ्याने वाचतो. 49,990 डोळ्यांनी पाहणं वेगळं आणि 'एकोणपन्नास हजार नऊशे नव्वद' म्हणणं वेगळं. ही माझी स्वतःची सवय आहे, पण मला तिचा उपयोग होतो.

मग नांगर टाकायचा कुठे? यंत्र स्वतः काय करतं, तिथे. एसीचं उदाहरण घ्या. एसीवरच्या ऊर्जा-लेबलवर ताऱ्यांखाली वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते 1,600 तासांच्या वापरावर काढतात, म्हणजे रोज आठ तास धरले तर दोनशे दिवस. शेजारी आयसीर (ISEER) नावाचा आकडा असतो. तो 5 असेल तर त्याचा अर्थ असा की एक युनिट विजेत तो एसी हंगामभराच्या सरासरीने पाच युनिटांइतकी उष्णता खोलीबाहेर टाकतो. समजा एका एसीवर वर्षाला 1,000 युनिट लिहिलेत, दुसऱ्यावर 800, आणि दुसरा 8,000 रुपयांनी महाग आहे. युनिटला 8 रुपये धरले तर वर्षाला 1,600 वाचतात आणि जादा दिलेले पैसे पाच वर्षांत वसूल होतात. बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये रात्रभर एसी चालवणाऱ्या घराला हा सौदा फायद्याचा आहे. पाहुणे आले की लावायच्या एसीसाठी मात्र नाही, तिथे वापर निम्मा धरला तरी तेच पैसे वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. आणि ताऱ्यांबरोबर लेबलवरचा काळही वाचा. 2018 मध्ये स्प्लिट एसीच्या पाच ताऱ्यांना आयसीर 4.5 पुरत होता, जुलै 2022 मध्ये ती अट 5 वर गेली. गोदामात पडून राहिलेला जुना 'फाइव्ह स्टार' आणि नवा 'फाइव्ह स्टार' एक नव्हेत.

'झिरो टक्के' हप्त्यांचं थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. 'नो कॉस्ट' हप्त्यात व्याज असतंच, ते सूट म्हणून आधी वजा केलेलं असतं, आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच कार्डाच्या बिलात येऊन पडतो. रोख दिले तर काय भाव, हे विचारल्याशिवाय हप्त्याच्या कागदावर सही करू नये.

टीव्ही मावशीच्या घरी आला. रात्री तिने फोन केला, "अरे, चित्र डोळ्यांत टोचतंय."

दुकानात तेच चित्र तिला आवडलं होतं. तिथे पंधरा टीव्ही ओळीने लावलेले, वर पांढरे झगझगीत दिवे. अशा ओळीत नजर सर्वांत उजळ आणि किंचित निळसर पडद्याकडे जाते, म्हणून कंपन्या दुकानासाठी 'विविड' नावाची चित्राची सेटिंग देतात. पुष्कळ टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना 'होम की स्टोअर' असं विचारतातसुद्धा. आवाजाचंही तसंच. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो आपोआप भरतो. दोन साउंडबार शेजारी ठेवले आणि एक किंचित मोठा लावला, तर कान त्यालाच 'भारी' म्हणतो. मोठा आहे म्हणून नाही, चांगला आहे म्हणून निवडला, असंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी चित्र 'मूव्ही' वर केलं. मालिका-सिनेमांचे रंग ज्या पांढऱ्यावर जुळवतात, त्याच्या जवळ जाणारी ती सेटिंग. मावशीने नाक मुरडलं. "मळकट दिसतंय रे. बेचाळीस हजारांचा टीव्ही वाटत नाही." मी म्हटलं, "चार दिवस राहू दे."

पाचव्या दिवशी मी रिमोटने पुन्हा 'विविड' लावलं. निवेदिकेचा चेहरा निळसर पांढरा झाला, साडीच्या काठाचा जांभळा रंग भडक झाला. मावशीने दोन्ही डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "हे असं होतं दुकानात?"