वांगी (कोकणातील परसबागेत)

कोकण किनारपट्टीवर घरामागच्या परड्यात रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता केली जाणारी वांग्याची लागवड. वांगे (सोलॅनम मेलोंजेना) मिरची, टोमॅटो व बटाट्याच्या कुळातले. झाड बहुवर्षायू असले तरी त्याच्याकडून बहुधा एका हंगामाचेच पीक घेतात.

देशावर वांगे बारमाही, कोकणात मात्र पावसाळा त्याला मानवत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. मुळाशी पाणी साचले की झाड पिवळे पडते. म्हणून गणपती गेले की बी पेरावे आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान, चार-पाच आठवड्यांची, वीतभर रोपे लावावीत. पहिली वांगी मार्गशीर्ष-पौषात हाती येतात. आषाढातल्या कांदेनवमीला वांगे सोडायचे आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करायचे, ही रीत या हंगामाशी चांगलीच जुळते.

जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते, तिच्यात पाणीही टिकत नाही. दोन-अडीच फुटांवर खड्डे घेऊन प्रत्येकात दोन ओंजळी कुजलेले शेणखत आणि मूठभर चुलीची राख घालावी. आळ्यात आंब्या-फणसाचा पातेरा पसरला की फेब्रुवारीनंतर विहिरीचे पाणी आटत आले तरी ओल राहते. ताजे शेण मात्र घालू नये.

खरा शत्रू मर रोग. सकाळी टवटवीत दिसणारे झाड दुपारी मान टाकते, संध्याकाळी सावरते आणि तीन-चार दिवसांत हिरवेच्या हिरवे वाळते. पाणी कमी पडले असे समजून लोक आणखी पाणी घालतात, तिथेच चूक होते. खात्री करायची तर बुंध्याचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात अर्धवट बुडवून धरावा. जिवाणू असतील तर कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो. असे झाड मुळासकट उपटून जाळावे. त्यावर फवारणीचा उपाय नाही. त्या जागी निदान तीन वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो लावू नयेत. भात कापलेल्या वाफ्यात हा त्रास कमी, कारण पावसाळाभर पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत हे जिवाणू कमी होतात. रानवांग्याच्या खुंटावर केलेले कलमही मर रोगाला बरेच दाद देत नाही.

दुसरी डोकेदुखी शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीची. शेंडा लोंबू लागला की दोन बोटे खालून खुडून साबणाच्या पाण्यात टाकावा, खतखड्ड्यात नको. फळावर दिसणारे भोक अळी बाहेर पडल्याचे असते. शिरते ती देठाच्या टोपीखालून, आणि ते भोक बुजून जाते. त्यामुळे निंबोळी अर्क फवारायचा तो कळी दिसण्याआधीपासून, कोवळ्या शेंड्यांवर. अळी आत गेल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. ती कोष गळक्या पानांत करते, म्हणून वांग्याचा स्वतःचा पाला बुडाशी राहू देऊ नये, पातेरा आंब्याचाच बरा. याच अळीपायी जनुकांत बदल करून तयार झालेल्या बीटी वांग्याच्या लागवडीला भारत सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती दिली.

फुले गळतात म्हणून घाबरू नये. आखूड स्त्रीकेसराची फुले गळायचीच. लांब केसराची फळ धरतात.

लावणीनंतर साधारण दोन महिन्यांनी तोडणी सुरू होते. साल चकचकीत असतानाच काढावे. चमक गेली की बिया निबर होतात आणि सोडे-वांग्याच्या रश्शात त्या दाताखाली येतात. किनाऱ्यावरच्या वाणांत गोव्यातील आगशीच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन आहे. घरच्या बियाण्यासाठी निरोगी झाडावरचे एक फळ पिवळे होऊन मऊ पडेपर्यंत राखतात, गर पाण्यात चोळून तळाशी बसलेले बी सावलीत वाळवतात आणि राखेत घोळून डब्यात ठेवतात.