भाषा की कंपायलर? नवी प्रोग्रामिंग भाषा करताना होणारी गल्लत

“मी नवीन प्रोग्रामिंग लँग्वेज बनवतोय” असं कुणी सांगितलं की मला आधी विचारावंसं वाटतं, भाषा बनवतोयस की कंपायलर? समोरचा बहुधा गोंधळतो. त्याच्या लेखी दोन्ही एकच. फाईलमध्ये कोड लिहिला, कंपायलरने तो मशीनला समजेल अशा रूपात उतरवला, प्रोग्राम चालला. आता यात भाषा म्हणून वेगळं काय उरलं? उरतं, आणि पुष्कळ उरतं. हे सुरुवातीलाच ध्यानात आलं नाही, तर भाषा करणारा माणूस आपल्याच पहिल्यावहिल्या कंपायलरमध्ये घाईत घेतलेल्या निर्णयांना कायमचा बांधला जातो. मोठमोठ्या भाषांचं हे झालेलं आहे.

(कंपायलर म्हणताना मी इंटरप्रिटरही, म्हणजे कोड असा न उतरवता थेट चालवणारा प्रोग्रामही, त्यातच धरतोय. त्या दोघांतला फरक हा वेगळा विषय आहे, आणि माझ्या मते याच्याइतका महत्त्वाचा नाही.)

एक छोटं उदाहरण घेऊ. समजा आपल्या भाषेचे कीवर्ड (ठरलेले शब्द) मराठीत आहेत आणि एका प्रोग्राममध्ये ही एकच ओळ आहे:

दाखव(वाच() - वाच())

“वाच” कीबोर्डवरून एक आकडा घेतं, “दाखव” उत्तर छापतं. वापरणाऱ्याने आधी १० टाईप केले, मग ३. स्क्रीनवर काय येईल?

पहिला इंटरप्रिटर आपण अगदी साधा लिहिला. पार्सरने, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाने, ओळीचं झाड बनवून दिलं. इंटरप्रिटर त्या झाडावर फिरतो: आधी डावी फांदी, मग उजवी, मग वजाबाकी. उत्तर ७. काही महिन्यांनी वेग कमी पडतोय म्हणून बाइटकोड (झटपट चालवता येतील अशा लहान सूचना) तयार करणारा कंपायलर लिहायला घेतला. त्यात उजवी बाजू आधी स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी बाहेर येतं अशा राशीवर) टाकली आणि डावी नंतर, कारण स्टॅकवरून काढताना डावी आधी हाती येते आणि वजाबाकीचा कोड सरळ लिहिता येतो. आता तोच प्रोग्राम, तेच टायपिंग, आणि उत्तर उणे ७.

यात बग कोणाचा?

कंपायलरचा कोड कितीही वेळा वाचला तरी या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. इंटरप्रिटरचा वाचला तरी नाही. “वजाबाकीच्या दोन बाजूंपैकी डावी आधी काढायची” असा नियम भाषेत असेल, तर बग कंपायलरचा. “कुठली आधी काढायची ते ठरलेलं नाही” असा नियम असेल, तर दोन्ही उत्तरं बरोबर आणि चूक त्या क्रमावर विसंबून राहणाऱ्या प्रोग्रामरची. आणि नियमच लिहिलेला नसेल, तर आपण भाषा केलेलीच नाही, दोन प्रोग्राम तेवढे लिहिलेत.

जावाने हा प्रश्न साफ मिटवला. तिच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे नियमांच्या अधिकृत दस्तऐवजात, डावीकडून उजवीकडे हा क्रम लिहून दिलेला आहे. सीने तो मुद्दाम मोकळा सोडला, फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंट्सच्या बाबतीतही. ज्या मशीनवर जे सोयीचं, ते तिथल्या कंपायलरने करावं. निर्णय दोन टोकांचे आहेत, पण दोन्हीकडे निर्णय घेतलेला आहे आणि तो लिहिलेला आहे.

तर भाषा म्हणजे दोन गोष्टींचा करार: कोणता मजकूर वैध प्रोग्राम मानायचा, आणि त्याचा अर्थ काय धरायचा. कंपायलर हा तो करार पाळू पाहणारा एक प्रोग्राम. करार कागदावर राहू शकतो, आणि इतिहासात तसा राहिलेलाही आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेचं काम १९५८ मध्ये सुरू केलं. लिस्पमधल्या कुठल्याही एक्स्प्रेशनची किंमत कशी काढायची हे सांगणारं “इव्हॅल” नावाचं फंक्शन त्यांनी लिस्पमध्येच मांडलं, सिद्धांत म्हणून. ते मशीनवर चालवायचा त्यांचा विचार नव्हता. स्टीव्ह रसेल यांनी ते वाचलं, हातानेच आयबीएम ७०४ च्या मशीन कोडमध्ये उतरवलं, आणि लिस्पला इंटरप्रिटर मिळाला. अर्थ आधी, मशीन नंतर.

अल्गोल ६० ही भाषा तर समितीने लिहिलेल्या एका अहवालातून जन्मली. व्याकरण नेमकेपणाने मांडायची जी पद्धत आज बीएनएफ म्हणून शिकवतात, ती त्या अहवालामुळे प्रसिद्ध झाली. त्यात इनपुट-आउटपुटबद्दल मात्र काहीच नव्हतं, म्हणून जो तो कंपायलर आपल्या मनाने ते पुरवत गेला. पुढे कंपायलर इतके झाले की खरोखर अल्गोल कोणाला कळते हे तपासायची वेळ आली. डोनाल्ड नुथ यांनी १९६४ मध्ये त्यासाठी एक लहानसा पण विलक्षण गुंतागुंतीचा प्रोग्राम दिला. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) आणि बाहेरच्या ब्लॉकमधले व्हेरिएबल ज्या कंपायलरने नीट सांभाळले, त्याचं उत्तर उणे ६७ येतं. बाकीचे तिथेच उघडे पडतात. कंपायलरला असं नापास करता येतं, ते त्याच्याबाहेर अल्गोल नावाचं काहीतरी आहे म्हणूनच.

बोलण्यात मात्र दोघांची नावं एक झालेली असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पर्लवाल्यांनी यावर इंग्रजी लिपीपुरता छान तोडगा काढलाय: पहिलं अक्षर मोठं असेल तर भाषा, लहान असेल तर ती चालवणारा प्रोग्राम. पायथनमध्ये नावं वेगळी आहेत, पण रोजच्या बोलण्यात ती कोणी घेत नाही. पायथन ही भाषा. आपण डाऊनलोड करतो तो बहुधा सीपायथन, सीमध्ये लिहिलेला. त्याशिवाय पायपाय आहे, जावाच्या मशीनवर चालणारा जायथन आहे, छोट्या चिपवर चालणारा मायक्रोपायथन आहे.

“पायथन स्लो आहे” हे वाक्य या दृष्टीने तपासून बघा. स्लो असतो तो सीपायथन. तोच कोड पायपायवर पुष्कळदा कितीतरी पटींनी वेगात पळतो, कारण पायपाय प्रोग्राम चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवतो. एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकाला) पायथनचा कोड चालवू देणारं ते प्रसिद्ध कुलूप, जीआयएल, तेही सीपायथनचं. जायथनमध्ये ते नाही. तरीही मी सगळा दोष सीपायथनच्या माथी मारणार नाही. पायथनमध्ये साध्या अधिक चिन्हाचा अर्थही डाव्या-उजव्या ऑब्जेक्टवर ठरतो, आणि ते कोणते असतील हे प्रोग्राम चालू झाल्यावरच कळतं. ही मोकळीक भाषेने दिलेली आहे आणि प्रत्येक कंपायलरला तिची किंमत मोजावीच लागते. जावास्क्रिप्टही अशीच मोकळी भाषा. २००८ मध्ये क्रोमबरोबर जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ हे इंजिन आलं आणि ती भाषा न बदलता तिचा वेग बदलला, पण त्यासाठी इंजिन लिहिणाऱ्यांना अफाट मेहनत घ्यावी लागली. वेग किती देता येईल याची मर्यादा भाषा आखते. त्या मर्यादेच्या किती जवळ जायचं ते कंपायलर लिहिणाऱ्याच्या हातात.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. कंपायलरमधला अपघात हळूच भाषेचा नियम होऊन बसतो.

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार लिहिला. त्यात प्रत्येक व्हॅल्यूच्या शेवटच्या काही बिट्समध्ये तिचा प्रकार साठवलेला असे, आणि ऑब्जेक्टची खूण होती शून्य. “नल” ही व्हॅल्यू म्हणजे रिकामा पॉइंटर (कुठेच न नेणारा मेमरीचा पत्ता), सगळेच बिट शून्य. त्यामुळे “टाइपऑफ नल”, म्हणजे नलचा प्रकार कोणता, असं विचारलं की उत्तर यायचं “ऑब्जेक्ट”. हा बिट्सच्या मांडणीतून आलेला योगायोग होता, कोणी विचारपूर्वक घेतलेला निर्णय नव्हता. पण १९९७ मध्ये भाषेचं पहिलं स्टँडर्ड आलं तेव्हा तेच उत्तर नियम म्हणून लिहिलं गेलं, कारण वेब त्याच्यासकट चालत होता. पुढे दुरुस्तीचा प्रस्ताव आला, तो जुन्या साइट मोडतील म्हणून मागे पडला. त्या मूळ इंजिनातली ती मांडणी आज कुठेच वापरात नाही. तिचा नियम मात्र जगातल्या प्रत्येक ब्राउझरला पाळावा लागतो.

पायथनच्या डिक्शनरीची (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या साठ्याची) गोष्ट याहून सुखाची. २०१६ मध्ये आलेल्या ३.६ आवृत्तीत सीपायथनची डिक्शनरी मेमरी वाचवण्यासाठी नव्याने लिहिली गेली. नव्या रचनेत की ज्या क्रमाने टाकल्या त्याच क्रमाने बाहेर येऊ लागल्या. हा अंमलबजावणीचा तपशील आहे, याच्यावर विसंबू नका, अशी सूचना डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट होती. लोक विसंबलेच. २०१८ च्या ३.७ मध्ये तो क्रम अधिकृतपणे भाषेचा भाग झाला. इथे अपघात चांगला होता म्हणून बरं. पण त्या दिवसापासून पायथनचा कंपायलर लिहिणाऱ्या प्रत्येकाला क्रम राखणारी डिक्शनरी द्यावीच लागते.

गो या भाषेच्या लोकांनी याच्या उलटी वाट धरली आणि मला ती फार आवडते. मॅपमधून (गोमधल्या डिक्शनरीमधून) कीज कुठल्या क्रमाने येतील याची खात्री गो देत नाही. नुसतं लिहून ठेवलं तर कोणी ऐकत नाही, हे त्यांना माहीत होतं. मग २०१२ च्या पहिल्या पक्क्या आवृत्तीपासून त्यांनी तो क्रम मुद्दाम विस्कटायला सुरुवात केली. एकाच मॅपवर तोच लूप दोनदा चालवा, क्रम वेगळा येऊ शकतो. ज्याचा कोड क्रमावर टेकलेला आहे त्याला ते पहिल्या टेस्टलाच कळतं, दहा वर्षांनी कोणी मॅपची रचना बदलेल तेव्हा नाही.

उलट दिशेनेही अंतर पडतं. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या स्टँडर्डने वचन दिलं की फंक्शनच्या अगदी शेवटी केलेला कॉल स्टॅक वाढवणार नाही. सफारीच्या इंजिनने ते पाळलं. क्रोम आणि फायरफॉक्सने ते कधी सगळ्यांसाठी सुरू केलंच नाही. नियम कागदावर आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी कोड लिहू शकत नाही. स्कीम या भाषेत हेच वचन पाळलं जातं, आणि म्हणून तिथे लूपसाठी वेगळा कीवर्ड नसला तरी चालतं. दिसायला नुसतं ऑप्टिमायझेशन, पण भाषेने त्याची हमी घेतली की प्रोग्राम लिहायची पद्धतच बदलते.

सीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथे ही गल्लत सर्वांत महागात पडते. पूर्णांक व्हेरिएबलमध्ये १०० मिळवल्यावर आकडा मूळपेक्षा लहान झाला का, अशी तपासणी कोणी तरी ओव्हरफ्लो (आकडा व्हेरिएबलमध्ये मावेनासा होणं) पकडायला लिहितं. साध्या कंपाइलमध्ये ती चालू शकते. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची सोय) चालू केलं की जीसीसी हा सीचा कंपायलर ती अख्खी तपासणी काढून टाकू शकतो. चिन्हासह असलेला पूर्णांक ओव्हरफ्लो झाला तर काय होईल हे सीच्या स्टँडर्डने अजिबात ठरवलेलं नाही. मग कंपायलर धरून चालतो की तसं कधी होतच नाही, आणि तसं होत नसेल तर ती तपासणी कधी खरी ठरणारच नाही. प्रोग्रामर आपल्या मशीनवर काय होतं ते बघून लिहीत होता, कंपायलर करार वाचून वागला.

मग नवी भाषा करणाऱ्याने आधी जाडजूड स्पेसिफिकेशन लिहीत बसावं का? मला तसं वाटत नाही. रस्ट या भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमल या दुसऱ्या भाषेत लिहिला गेला, पहिली पक्की आवृत्ती २०१५ मध्ये आली, आणि त्यानंतरही बरीच वर्षं कंपायलर जे करेल तेच रस्ट असा व्यवहार होता. भाषा तरीही उत्तम चालली. रुबीचंही तसंच. दुसरे इंटरप्रिटर लिहिणाऱ्यांना मूळ इंटरप्रिटरला एकेक प्रश्न विचारून त्याचं वागणं टिपावं लागलं. त्यांपैकी रुबिनियस हा इंटरप्रिटर लिहिणाऱ्या मंडळींनी त्या टिपणांच्या चालवता येतील अशा टेस्ट केल्या आणि त्या टेस्टच रुबीच्या नियमांसारख्या वापरल्या जाऊ लागल्या. एकट्या माणसासाठी मला हाच रस्ता योग्य वाटतो: प्रत्येक नियमाला एक वाक्य, त्याच्याखाली एक टेस्ट, आणि ती टेस्ट चालवायला दोन अंमलबजावण्या. त्यातली एक हळू चालली तरी हरकत नाही. मघाचा झाडावर फिरणारा साधा इंटरप्रिटर फेकून देऊ नका म्हणतो ते याचसाठी.

आपल्या भाषेसाठी मी डावी बाजू आधी हाच नियम घेईन. कोड वाचणारा डावीकडून वाचतो, त्याला तीच अपेक्षा असते. बाइटकोड कंपायलरला स्टॅकवरून काढताना आधी उजवी मिळेल, म्हणून वजाबाकी आणि भागाकाराच्या वेळी दोन व्हॅल्यूंची अदलाबदल करावी लागेल. दोन-चार ओळींचं काम. मग १० आणि ३ ची टेस्ट दोन्हींवर चालवायची आणि दोन्हीकडून ७ आले की पुढच्या नियमाकडे वळायचं: उणे ७ ला २ ने भागून पूर्णांक हवा असेल तर उत्तर काय? पायथन उणे ४ म्हणते. सी १९९९ च्या स्टँडर्डपासून उणे ३ म्हणते, आणि त्याआधी ते ठरवणं कंपायलरवर सोडलेलं होतं.