अठ्ठावीस क्लिक आणि एक स्कोप

मावसभावाने दिवाळीच्या बोनसमधून एअर गन घेतली आणि पाठोपाठ ऑनलाइन ६-२४x५० (६ ते २४ पट झूम, पुढचं भिंग ५० मिलिमीटर) असा भलामोठा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, पण मागवला. रविवारी सकाळी नाशिकच्या सिडकोतल्या त्याच्या गच्चीवर आम्ही जमलो, १० मीटरवर टार्गेट कार्ड, मागे वाळूची पोती. याने झूम डायरेक्ट २४ वर नेला, डोळा लावला, तर समोर नुसता धूसर पांढरा ढग. झूम कमी केल्यावर काळं वर्तुळ दिसलं खरं, पण छर्रे २ सेंटीमीटर डावीकडे जात होते.

"फालतू माल दिलाय राव," म्हणे. माल कसा होता ते पुढे कळलंच, पण त्या दिवशी खरी गडबड वेगळी होती, ती म्हणजे स्कोप म्हटलं की आपण फक्त झूम बघतो, मोबाईलचा कॅमेरा घेताना मेगापिक्सेल बघतो तसं.

आता शिकारीचे स्कोप घ्या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार बंद आहे आणि ते उत्तमच आहे, पण जगभरात स्कोपची ठेवण बरीचशी शिकाऱ्यांच्या गरजेतून ठरलीय. प्राणी बाहेर पडतात पहाटे नाहीतर दिवस मावळताना, म्हणजे उजेड कमी. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम केलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोल ठिपक्याची रुंदी मिळते. ४० मिलिमीटरचं भिंग ४ पट झूमवर १० मिलिमीटरचा ठिपका देतं, तेच १० पटीवर फक्त ४ चा. अंधारात आपली बाहुली ५ ते ७ मिलिमीटर उघडते, म्हणजे झूम वाढवला की डोळा उपाशी! नांदूर मध्यमेश्वरला संध्याकाळी पक्षी बघायला गेलात तर ८x४२ आणि १०x४२ अशा दोन दुर्बिणी आलटून पालटून लावून बघा, उजेड उतरला की ८ वाली जास्त उजळ वाटते. शिवाय कमी झूमला परिसर जास्त दिसतो, पळतं जनावर पटकन सापडतं, आणि क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची अधिकच्या चिन्हासारखी रेघ, जाड ठेवतात कारण बारीक रेघ झुडपांच्या काळोखात गायबच होते.

टार्गेटवाल्याचं सगळं उलटं. कार्ड कुठे पळून जात नाही, उजेड भरपूर, त्यामुळे ३६ पट झूम पण चालतो, रेघ केसासारखी बारीक चालते. फक्त एवढ्या झूमला तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा पण मोठी होऊन दिसते, एप्रिलच्या दुपारी मुंबई-आग्रा रोडवर लांबचं डांबर थरथरतं ना, तसं कार्ड थरथरतं.

पण गच्चीवरचा घोळ होता पॅरॅलॅक्सचा. काटेवाल्या जुन्या स्कूटरवर मागे बसलेल्याला स्पीडोमीटर थोडा वेगळाच आकडा दाखवतो, कारण काटा आणि तबकडी यांच्यात फट असते आणि तो तिरकं बघतो. स्कोपमध्ये तेच. कार्डाची प्रतिमा क्रॉसहेअरच्या बरोबर पातळीवर पडली नाही तर डोकं जरा हललं की क्रॉसहेअर कार्डावरून सरकतो. शिकारीचे बरेच स्कोप १०० यार्डांसाठी बसवलेले असतात, १० मीटरवर त्यात नेम सेंटीमीटरभर सहज हलतो, आणि १० मीटर एअर रायफलच्या कार्डावर १० गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर! म्हणून टार्गेट स्कोपला अंतर जुळवायची वेगळी रिंग असते. आमच्याही स्कोपला होती, फक्त ती १०० वर पडून होती. १० वर आणली आणि ढग गेला.

मग राहिले डावीकडचे २ सेंटीमीटर. भाऊ म्हणे नेम सरकवायचा नॉब खराब आहे, पाच-सहा क्लिक फिरवले तरी फरकच नाही. पण एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर, आणि १० मीटरवर त्याचे झाले ०.७. म्हणजे २ सेंटीमीटरला जवळजवळ २८ क्लिक! मी मोठ्याने मोजले, त्याने फिरवले, पुढचा छर्रा काळ्यात.

गंमत म्हणजे ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांमध्ये स्कोप चालतच नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी ब्राँझ आणलं ते पीप साइटवर. मागे बारीक भोक, पुढे रिंग, बस. बारीक भोकातून बघितलं की जवळची रिंग आणि लांबचं काळं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, चष्मेवाल्यांनी मुठीतून बारीक फट करून बघावं, लगेच कळेल.

भावाचा स्कोप महिनाभरात गेला. स्प्रिंगवाली एअर गन आधी मागे धक्का देते आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की लगेच पुढे, साधे स्कोप मागच्या धक्क्यासाठी बनवलेले, पुढच्या झटक्याने आतली भिंगं सैल होतात. एक दिवस क्रॉसहेअर तिरका झाला तो झालाच. आता गडी बंदुकीच्या मूळच्या साइटवरच मारतो, आणि ती २४ पटवाली नळी खिडकीत ठेवलीय, पोरं तिच्यातून पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारी माणसं मोजत बसतात.