दोन क्लिंटन: उपराष्ट्राध्यक्ष काका आणि कालवा खोदणारा पुतण्या

अमेरिकेच्या इतिहासात नुसतं ‘गव्हर्नर क्लिंटन’ वाचायला मिळालं, की आधी साल बघावं. १७७७ ते १८०४ मधलं असेल तर तो काका जॉर्ज, १८१७ ते १८२८ मधलं असेल तर पुतण्या डेविट. घोळ होतो तो साहजिकच. दोघेही न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल ब्रिटनचे, दोघेही त्याच राज्याचे गव्हर्नर, दोघेही राष्ट्राध्यक्षपदासाठी धडपडले आणि दोघेही पदावर असतानाच वारले. वयात अंतर तीस वर्षांचं. डेविट हा जॉर्जच्या थोरल्या भावाचा, जेम्सचा मुलगा.

उपराष्ट्राध्यक्ष झाला तो फक्त काका. १८०५ पासून आधी जेफरसन आणि मग मॅडिसन, अशा दोन राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली त्याने हे पद सांभाळलं. असं पुढे फक्त जॉन कॅल्हूनला जमलं. पण जॉर्जचं खरं वजन त्याआधीचं आहे. त्याने गव्हर्नर म्हणून एकूण एकवीस वर्षं काढली आणि १७८८ मध्ये नव्या राज्यघटनेला कडाडून विरोध केला. केंद्राच्या हाती फार सत्ता नको, हा त्याचा हट्ट शेवटपर्यंत टिकला. २० फेब्रुवारी १८११ रोजी राष्ट्रीय बँकेच्या सनदेला मुदतवाढ द्यायची की नाही यावर सिनेटमध्ये १७-१७ अशी बरोबरी झाली. उपराष्ट्राध्यक्ष म्हणून सिनेटच्या अध्यक्षस्थानी असलेल्या जॉर्जने विरोधात मत टाकलं आणि बँक संपली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध पेटलं, तेव्हा सरकारकडे कर्जासाठी ती बँक नव्हती. उपराष्ट्राध्यक्षपद म्हणजे शोभेचं पद, असं म्हणणाऱ्यांनी हे एक मत जरूर आठवावं.

सगळ्यात जास्त गफलत १८१२ ची होते. २० एप्रिलला काका वारला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मॅडिसनविरुद्ध उभा राहिला तो पुतण्या! तो ८९ विरुद्ध १२८ निर्वाचक मतांनी (राष्ट्राध्यक्ष निवडायला प्रत्येक राज्याला ठरवून दिलेली मतं) हरला. पेनसिल्व्हेनियाची २५ मतं त्याच्याकडे वळली असती तर तो ११४-१०३ ने जिंकला असता. काकाची खुर्ची मात्र मार्च १८१३ पर्यंत रिकामीच राहिली, कारण मधेच नवा उपराष्ट्राध्यक्ष नेमण्याची तरतूद घटनेत आली ती थेट १९६७ मध्ये, पंचविसाव्या दुरुस्तीने.

बाराव्या घटनादुरुस्तीच्या इतिहासात दोघांचीही नावं येतात, तिथेही जपून. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यासाठी वेगवेगळं मतदान असावं, असा ठराव १८०३ मध्ये सिनेटमध्ये मांडणाऱ्यांत डेविट होता. त्या नियमाने निवडून आलेला पहिला उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज.

हडसन नदी आणि ईरी सरोवर जोडणारा ईरी कालवा मात्र निखालस डेविटचा. १८१७ ते १८२५, ३६३ मैल, ८३ जलपाशद्वारं (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारे कप्पे). टीकाकार त्याला ‘क्लिंटनचा चर’ म्हणत.

बिल क्लिंटन या घराण्यातला नव्हे. त्याचं जन्मनाव ब्लाइथ. क्लिंटन हे आडनाव सावत्र वडिलांकडून आलं.