केलेलं नुकसान आणि दिसू लागलेलं नुकसान

सफाईची टीम घर लखलखीत करून निघते आणि संध्याकाळी ग्राहकाचा फोटो येतो. शॉवरच्या काचेवर बारीक चरे, खाली एक ओळ: ‘तुमची माणसं यायच्या आधी हे नव्हतं.’ बहुतेक मालक इथेच दोनपैकी एक चूक करतात. काही लगेच हात झटकतात, काही तितक्याच घाईने भरपाई कबूल करून टाकतात. दोघांनीही मूळ प्रश्न विचारलेला नसतो: हे नुकसान आपण केलं, की आपण मळ काढल्यामुळे ते दिसू लागलं?

ग्राहक दोन्ही वेळी खरंच बोलत असतो, हे आधी मनापासून मान्य करायला हवं. वर्षानुवर्षं साचलेल्या पांढऱ्या थराखाली चरे असतील तर ते त्याला कधी दिसलेच नव्हते. काल धूसर काच होती, आज स्वच्छ काच आणि तिच्यावर चरे. त्याने संशय घ्यायचा तरी कोणावर? त्यामुळे ‘लोक फुकटात नवी काच मागतात’ असं मनात धरून जो फोन उचलतो, त्याचं पहिल्याच वाक्यात बिघडतं. खोटे दावे येतात, पण अशा तक्रारींचा मोठा भाग प्रामाणिक गैरसमजाचा असतो.

काचेपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. जड, म्हणजे क्षार असलेल्या पाण्याचा हा पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो चऱ्यांच्या खोबणीत भरतो आणि त्यांच्या कडा झाकून टाकतो. थर निघाला की त्या कडांवर प्रकाश चमकतो आणि चरे अचानक उठून दिसतात. जुना चरा ओळखायचा तर मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरपा धरा आणि जवळून फोटो काढा. खोबणीच्या तळाशी पांढरट किंवा करडा थर घट्ट बसलेला दिसला तर तो चरा कालचा नाही. ताज्या चऱ्याचा तळ स्वच्छ असतो, कडा धारदार असतात, कधी काचेची बारीक भुकटीही दिसते. दिशाही पाहावी. आपल्या हाताने पडलेले चरे हाताच्या फिरण्याप्रमाणे पडतात: एकमेकांना समांतर किंवा कमानीसारखे, हात पोचतो तिथपर्यंत आणि थर खरवडायचं पातं जिथे टेकवलं तिथून सुरू होणारे. रोजच्या वापरातले चरे मात्र दाराच्या मुठीजवळ, खांद्याच्या उंचीवर, कशाही दिशेने विखुरलेले असतात.

स्वच्छ मऊ कापडाने काच चरत नाही, पण कापडात अडकलेल्या वाळूच्या कणाने नक्की चरते. मोहसच्या कठीणपणाच्या मापावर काच साधारण ५.५ वर येते, तर वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. म्हणून ‘आम्ही फक्त मऊ फडकं वापरलं’ हा बचाव पुरेसा नाही. फडकं आधी कुठे फिरलं होतं, काच आधी ओली केली होती का, हे विचारावंच लागतं.

संगमरवराचं गणित वेगळं. तोही कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे जे व्हिनेगर नळावरचा थर विरघळवतं तेच ओटाही खातं. वर राहतो तो निस्तेज ठिपका. तो डाग नसतो, दगडाचं पॉलिशच तिथे गेलेलं असतं, आणि कितीही घासलं तरी ते परत येत नाही. इथे आकार बोलतो. पेल्याच्या बुडाएवढी गोल कडी किंवा लिंबू कापण्याच्या जागेभोवती उडालेले शिंतोडे हे स्वयंपाकघरातल्या रोजच्या वापराचे. ते साबणाच्या आणि मेणाच्या थराखाली लपले होते, आपण थर काढला म्हणून दिसले. याउलट स्प्रेच्या फवाऱ्यासारखा पंखा, खाली ओघळलेल्या रेघा किंवा फडक्याच्या रुंदीचा सलग निस्तेज पट्टा दिसला तर ते आपलं. तिथे वाद घालू नये, दगडाला पुन्हा पॉलिश करणारा माणूस बोलवावा.

आता उलट बाजू, जी मालकांना ऐकायला आवडत नाही. ‘आमची टीम निघाली तेव्हा सगळं नीट होतं’ हे सिद्ध झालं, तरी नुकसान आपलं असू शकतं. स्टीलच्या सिंकमध्ये ब्लीच तसंच राहिलं तर त्यातली क्लोराइडं स्टीलला बारीक खड्डे पाडतात, आणि तपकिरी ठिपके दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा उमटतात. लॅमिनेटच्या फरशीवर ओथंबलेला मॉप फिरवला तर पाणी सांध्यांत शिरतं आणि फुगवटा काही तासांनी वर येतो. मेलामाइनचा पांढरा ‘जादुई’ स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपरच. त्याने चकचकीत रंगाची चमक जाते, पण ओलं असताना कळत नाही, वाळल्यावर दिसतं. फुगलेल्या फरशीत फरक असा की जुन्या फुगवट्याच्या कडा झिजलेल्या असतात, त्यात मळ बसलेला असतो, आणि तो बहुधा बाथरूमच्या दाराशी किंवा डिशवॉशरपुढेच असतो. पुसलेल्या सगळ्या भागात एकसारखे सांधे उचललेले दिसले तर शोधायला दुसरीकडे जाऊ नका.

या दोन्हींच्या मधली एक जागा आहे, आणि खरी कसोटी तिथेच लागते. वस्तू आधीच कमजोर होती, शेवटचा धक्का आपला लागला. नळाचं क्रोम आतून सुटलेलं होतं, घासताना पापुद्रा निघाला. उन्हाने कडक झालेली पडद्याची पट्टी हात लावताच तुटली. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेवर भट्टीतच चिकटलेले काचेचे सूक्ष्म कण होते, पात्याने ते सुटले आणि पात्याखाली फरफटत गेले. माझ्या मते इथे दोन प्रश्न विचारावेत. हेच फडकं, हेच औषध, हाच जोर धडधाकट वस्तूवर लावला असता तर तिला काही झालं असतं का? नसेल, तर दोष प्रामुख्याने वस्तूचा. पण लगेच दुसरा प्रश्न: या कामात मुरलेल्या माणसाला ती कमजोरी आधी दिसायला हवी होती का? नळाच्या बुडाशी फोड आलेले दिसत असतील आणि तरीही न विचारता घासला असेल, तर निम्मा तरी भार आपण उचलावा. ग्राहक पैसे देतो ते नुसत्या हातांचे नाहीत, जाणकार नजरेचेही देतो.

निवाडा वेगळा असला तरी पहिलं उत्तर दोन्ही प्रकारांत एकच हवं. ‘आम्ही केलंच नाही’ नको आणि ‘चूक आमचीच, भरून देतो’ हेही नको. साधं लिहावं: ‘फोटो पाहिला. तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं. मी उद्या स्वतः येऊन बघतो. तोपर्यंत त्यावर काही लावू नका, घासू नका.’ विमा असेल तर ही सावधगिरी आणखी गरजेची, कारण कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य करू नये अशी अट दायित्व विम्यात (आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्यात) सर्रास असते. आणि ज्या वस्तूवर काम चाललं होतं तिचंच नुकसान अनेक पॉलिसी वगळतात. पॉलिसी तक्रार आल्यावर नव्हे, आजच वाचून ठेवावी.

मग टीमशी बोलावं, पण चौकशीच्या सुरात नव्हे. ‘कोणी केलं?’ विचारलंत तर सगळे गप्प होतील. ‘काच कशाने पुसली? आधी पाणी मारलं होतं का?’ विचारलंत तर उत्तर मिळेल. घरात काही बिघडलं की पहिलं बोट साफ करणाऱ्या बाईकडे जातं. तिच्याकडे स्वतःची बाजू मांडायला ना फोटो असतो, ना अनेकदा धीर. अशा वेळी मालकानेही शहानिशा न करता तिच्या पगारातून पैसे कापले, तर तो अन्याय आहे, आणि धंद्यालाही घातक आहे. पुढच्या वेळी खरोखर काही फुटलं तर ती ते लपवेल, आणि तुम्हाला ते ग्राहकाकडून कळेल.

नुकसान आधीचंच आहे, आपल्या सफाईने ते फक्त दिसू लागलं अशी खात्री पटली, तर नुसतं सांगू नका, दाखवा. ‘हे आधीपासूनच होतं’ या वाक्याने भांडण होतं. त्याऐवजी टॉर्च ग्राहकाच्या हातात द्या आणि म्हणा, ‘या चऱ्याच्या तळाशी हा पांढरा थर बघा. काल पडलेल्या चऱ्यात तो इतक्यात बसला नसता.’ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सहसा मान्य करतो.

काम सुरू करण्याआधीचे फोटो काढावेत असं सगळेच सांगतात, आणि काढावेतच. पण ते फुटलेली टाइल, टवका उडालेली कड, फुगलेली फरशी यांसाठी. मळलेल्या काचेच्या फोटोत थराखालचं काहीच दिसत नाही, म्हणजे जिथे पुरावा सगळ्यात जास्त हवा तिथेच तो फोटो मुका राहतो. त्याला उपाय एकच: पूर्ण काचेला हात लावण्याआधी खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा साफ करायचा. चरे निघाले तर तिथेच थांबायचं, अर्धा थर आणि अर्धी साफ काच एकाच फोटोत घ्यायची आणि ग्राहकाला पाठवून विचारायचं, ‘थराखाली असे चरे आहेत. पूर्ण साफ केल्यावर सगळीकडे दिसतील. पुढे करू का?’ संगमरवराचा ओटा आणि जुने नळ यांच्यासाठीही हीच पद्धत.

इतकं करूनही काही वेळा नक्की सांगता येत नाही. चरा स्वच्छ आहे, पण दिशा आपली नाही. सिंकवर ठिपके आहेत, पण ब्लीच घरातही वापरतात. अशा वेळी माहीत नसलेलं ठामपणे सांगू नये. जे दिसतं ते लिहून द्यावं, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची तयारी दाखवावी, आणि हे सद्भावनेतून देतोय, जबाबदारी मान्य करून नव्हे, एवढं त्याच पत्रात स्पष्ट लिहावं. ते पत्र ग्राहकाला पाठवण्याआधी विमा कंपनीला दाखवावं.