ऑक्युपेशनल थेरपी (व्यवसायोपचार)

आजार, इजा, जन्मजात दोष किंवा वार्धक्य यांमुळे रोजची कामे अडली असता ती पुन्हा करता यावीत, म्हणून कामांचाच आधार घेऊन दिली जाणारी उपचारपद्धती. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, लिहिणे, स्वयंपाक, नोकरी, मुलांचे खेळ हे सारे तिच्या कक्षेत येते.

या व्यवसायाची पहिली संघटना १९१७ मध्ये अमेरिकेतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे स्थापन झाली. संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन हे वास्तुविशारद स्वतः दीर्घ आजारातून गेलेले होते. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे या कामाला वेग आला. जागतिक महासंघ १९५२ मध्ये उभा राहिला. त्याच्या निकषांनुसार विद्यार्थ्याला किमान १,००० तासांचे प्रत्यक्ष अनुभवकार्य करावे लागते.

थेरपिस्ट आधी पाहतो, मग उपाय सुचवतो. पक्षाघातानंतर सदऱ्याची बटणे लागत नसतील, तर अडचण बोटांच्या ताकदीत आहे, स्पर्शाच्या जाणिवेत आहे, नजरेत आहे की कामाचा क्रम लक्षात राहण्यात, हे त्याला शोधावे लागते. काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. डोळे शाबूत असतानाही हे घडते आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. कारण कळले की उपाय ठरतो. सदरा घालताना अधू हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. बटणासाठी आकडी वापरायची. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा. गेलेली क्षमता परत आणणे आणि काम किंवा परिसर बदलणे, हे दोन्ही मार्ग सारखेच महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या मार्गाला अनेकजण हार समजतात, ते चूक आहे.

फिजिओथेरपीशी हिची गल्लत होते. ढोबळमानाने, खांद्याची हालचाल आणि बळ वाढवणे हा फिजिओथेरपीचा भर. त्या हाताने केस विंचरता येणे हा ऑक्युपेशनल थेरपीचा. हाताच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही क्षेत्रे एकमेकांत मिसळतात. मनोविकार, स्वमग्नता आणि स्मृतिभ्रंश यांतही हे थेरपिस्ट काम करतात.

थेरपिस्ट शोधताना रुग्णालयाचा पुनर्वसन विभाग, उपचार करणारे डॉक्टर, मुलाची शाळा किंवा राष्ट्रीय संघटनेची सदस्ययादी यांपासून सुरुवात करावी. पदवी आणि जेथे लागू असेल तेथे नोंदणी तपासावी. त्याहून निर्णायक गोष्ट म्हणजे आपल्यासारख्या अडचणीचा अनुभव: लहान मुलांत मुरलेला थेरपिस्ट हाताच्या दुखापतीसाठी योग्य असेलच असे नाही. पहिल्या भेटीत त्याने दिवस कसा जातो, कोणते काम सर्वांत जास्त अडते, घरात मदतीला कोण आहे, हे विचारायला हवे. न पाहताच ठरावीक व्यायामांचा संच हाती देणारा किंवा पूर्ण बरे करण्याची हमी देणारा थेरपिस्ट टाळावा. ध्येय मोजता येण्याजोगे हवे: ‘हात सुधारेल’ यापेक्षा ‘सहा आठवड्यांत स्वतःच्या हाताने चमच्याने जेवता येईल’ असे. ते साधत नसेल, तर योजना बदलण्याविषयी किंवा उपचार थांबवण्याविषयी मोकळेपणाने विचारावे.