शेतघरातली शेगडी: आधी तार मोजा

आडबाजूच्या घरासाठी शेगडी गॅसची घ्यावी की विजेची, हे बहुतेक जण दुकानात उभं राहून ठरवतात. खरा निकाल लागतो तो घरापर्यंत आलेल्या तारेवर. खांबापासून लांबवर ओढलेल्या, मध्ये दोन-तीन सांधे दिलेल्या वायरवर दिवे-पंखे बिनबोभाट चालतात, म्हणून वीज चांगली आहे असं वाटतं. दोन किलोवॅटची शेगडी लावली की त्या तारेचं पितळ उघडं पडतं.

तपासायची रीत सोपी आहे. स्वयंपाकाच्या जागेच्या सॉकेटवर काहीच चालू नसताना मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायच्या यंत्राने) व्होल्टेज पाहा. मग त्याच बोर्डावर २००० वॉटची विजेची किटली लावा आणि पाणी तापत असताना पुन्हा पाहा. (मल्टिमीटर कधी हाताळला नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या.) समजा, २३० व्होल्टच्या पुरवठ्यात आधी २२५ दिसले आणि किटली लावल्यावर २०७. किटली तेव्हा सुमारे ७.८ अँपिअर ओढत असते. १८ व्होल्टच्या घटीला ७.८ ने भागलं की कळतं, वाटेत २.३ ओहमचा रोध (विजेला होणारा अडथळा) आहे आणि जवळपास १४० वॉट तिथेच उष्णता होऊन जातायत. ही उष्णता अख्ख्या तारेवर पसरली तर कळतसुद्धा नाही. पण रोध एकाच ढिल्या सांध्यात किंवा सॉकेटच्या सैल पिनेत असेल, तर सगळी आच तिथे साठते. प्लग काढताना पिनेचा चटका बसतो, सॉकेट पिवळं पडतं, जळका वास येतो. अशा वेळी आधी सांधा दुरुस्त करा, शेगडीचं नंतर बघू.

याच घरात २००० वॉटच्या दोन कॉइलच्या शेगड्या एकदम लावल्या तर व्होल्टेज १९२ च्या आसपास घसरतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटते, त्यामुळे प्रत्येक शेगडी जेमतेम १४०० वॉटची उरते. इंडक्शनचं वागणं वेगळं असतं. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की ते एरर दाखवून बंदच पडतं.

तार नवीन टाकणार असाल तर हिशेब आधी करावा. ६० मीटर अंतराला २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध ०.९ ओहम होतो. एका शेगडीला साधारण ८ व्होल्टची घट येते, ती चालून जाते. पण चार चुलींची सात किलोवॅटची शेगडी ३० अँपिअर ओढते, तेव्हा घट २७ व्होल्टवर जाते आणि एवढा प्रवाह त्या तारेला मुळात झेपतच नाही. तिथे १० चौरस मिलिमीटरची तार लागते. मग घट सात व्होल्टच्या आत राहते.

इन्व्हर्टरवर इंडक्शन चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. दोन लिटर पाणी २० अंशांपासून उकळायला इंडक्शनला सुमारे ०.२२ युनिट वीज लागते. कागदावर हे परवडणारं दिसतं, कारण १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून अर्धी क्षमता वापरली तरी ०.६ युनिट मिळतात. अडचण वेगाची आहे. १८०० वॉट काढायचे तर बॅटरीवर दीडशेहून जास्त अँपिअरचा भार पडतो. तिचं व्होल्टेज कोसळतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. आच कमी ठेवूनही सुटका होतेच असं नाही. बरेच स्वस्त इंडक्शन मंद आचेवर पूर्ण ताकदीनेच थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद राहतात.

गॅसला तारेचं दुखणं नाही. अडीच किलोवॅटचा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण २०० ग्रॅम एलपीजी जाळतो, म्हणजे रोज दोन तास धरले तर दहा किलो गॅस २५ दिवस जातो. त्या प्रत्येक तासाला सुमारे ३०० ग्रॅम पाण्याची वाफ घरात सुटते. दारं-खिडक्या बंद असलेल्या छोट्या खोलीत थंडीत काचांवर ओघळ दिसतात, ते यामुळेच. त्याच हवेत नायट्रोजन डायऑक्साइड मिसळतो आणि हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइडही. खिडकी उघडी हवीच.

कडाक्याच्या थंडीत सिलिंडरमध्ये काय भरलंय याला महत्त्व येतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतं. बर्फाळ जागी ब्युटेन जास्त असलेला सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मरगळते.

महिनोन् महिने बंद राहणाऱ्या घरात दोष वेगळेच निघतात. बर्नरच्या मिक्सिंग ट्यूबमध्ये (गॅस आणि हवा मिसळते त्या नळीत) कोळी जाळं विणतो, हवा अडते, ज्योत पिवळी होते आणि भांड्याची बूड काळी पडते. ट्यूब बारीक ब्रशने साफ करा. जेट (गॅस जिथून सुटतो ते बारीक भोक) मात्र टाचणीने खरवडू नका, पितळेचं भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. साबणाच्या पाण्यात भिजवून फुंकर मारली की पुरतं. नळी उंदरांनी कुरतडली आहे का ते बघा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले की गळती आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून गॅसगळतीचा अलार्म खाली बसवतात. वरच्या भिंतीवर लावलेला असून नसून सारखा.

आमचं मत असं: किटलीच्या चाचणीत घट दहा व्होल्टच्या आत असेल, लाइट सहसा जात नसेल, तर इंडक्शन घ्यावं. नाहीतर दोन बर्नरचा गॅस आणि जोडीला एकच इंडक्शन, लाइट असेल तेव्हा चहा-पाण्यापुरतं. घर बंद करताना बर्नर चालू ठेवूनच सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा म्हणजे नळीतला गॅस जळून जाईल. मग बर्नरचा नॉब फिरवा, रेग्युलेटर काढा आणि सिलिंडरवर टोपी बसवा.